शटर, आत्याचं लग्न आणि एक जुना बग

आमच्या घराण्यात एक वाक्य गेली जवळजवळ चाळीस वर्षं चलनात आहे. कुठेही चार डोकी जमली, कुणी कॅमेरा (हल्ली मोबाइल) बाहेर काढला, की कोणीतरी म्हणणारच, "भाऊंच्या हातात देऊ नका रे, आजीसारखं करतील!" मग सगळे हसतात. भाऊही हसतात. भाऊ म्हणजे आमचे बाबा.

या विनोदाला एक इतिहास आहे. डिसेंबर १९८६. साताऱ्याला धाकट्या आत्याचं लग्न. मोठे काका तेव्हा मस्कतला होते. त्यांनी तिथून एक जपानी एसएलआर कॅमेरा आणला होता, सेकंडहँड, पण दिसायला एकदम झकास. तो त्यांनी बाबांना देऊन टाकला. घरात असा कॅमेरा असताना फोटोग्राफरला पैसे कशाला घालवायचे, असं ठरलं आणि फोटोंची सगळी जबाबदारी बाबांवर आली. बाबांनी महिनाभर माहितीपत्रक वाचून, न समजलेले शब्द डिक्शनरीत बघून तयारी केली. लग्नात छत्तीसचे दोन रोल काढले.

आठवड्याने स्टुडिओतून प्रिंट्स आल्या आणि घरात स्मशानशांतता पसरली. आदल्या रात्रीच्या सीमांतपूजनाच्या, म्हणजे फ्लॅशवर काढलेल्या सगळ्या फोटोंत एका कडेला काळाकुट्ट पट्टा. दुसऱ्या दिवशी उन्हात काढलेल्या फोटोंत पट्टा नाही, पण नेमकी उलट बाजू हळूहळू काळवंडत गेलेली. सगळ्यात वाईट म्हणजे सीमांतपूजनानंतरचा घरच्यांचा ग्रुप फोटो. त्यासाठी आजीला स्वयंपाकघरातून अक्षरशः ओढून आणलं होतं. ती सवयीप्रमाणे कडेला उभी राहिली. फोटोत तिचा आत्याच्या खांद्यावरचा हात तेवढा आलाय. बाकीची आजी पट्ट्यात.

पुढच्याच वर्षी श्रावणात आजी गेली. बाकीच्या फोटोंत ती नाहीच, कारण ती सगळा वेळ चुलीपाशी. आत्या चेष्टेत सामील होते, पण एकदा माझ्या आईला म्हणाली होती, "वहिनी, अल्बम बघितला की वाटतं, माझ्या लग्नाला माझी आई आलीच नव्हती."

बाबांनी त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही. मी लहानपणापासून हे ऐकत आलोय आणि खरं सांगायचं तर मीही तो विनोद केलाय. निकाल इतका उघड होता, की कधी शंकाच आली नाही. फ्लॅश वापरताना स्पीड चुकीचा ठेवला, दुसरं काय? उन्हातल्या फोटोंत मध्येच बोट आलं असेल. युजर एरर. तिकीट क्लोज्ड.

तर झालं असं, की या जुलैत साताऱ्याच्या घराचा माळा गळायला लागला म्हणून तिथलं सामान खाली काढलं. त्यात एका पत्र्याच्या ट्रंकेत तो कॅमेरा सापडला, कातडी केसमध्ये. सोबत त्या दोन रोलच्या निगेटिव्हचं पाकीट. लेन्समध्ये बुरशीची छान जाळी झाली होती (साताऱ्याचा पाऊस!), पण लिव्हर ओढली आणि बटण दाबलं तर 'खटॅक' आवाज आला. आवाज आला की इंजिनिअर माणूस संपला. दोन्ही गोष्टी पिशवीत घालून पुण्याला आणल्या.

आता पुढची गोष्ट कळायला शटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगावं लागेल. कंटाळा आला तर दोन परिच्छेद सोडा, पण सोडू नका, मजा त्यातच आहे.

जुन्या कॅमेऱ्यांत शटर मुख्यतः दोन जातींचं. एक, लेन्सच्या आतच बसवलेलं, पात्यांचं. याशिका मॅट १२४ जी सारख्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यात हे असतं. मधून उघडतं, मधे मिटतं. बिघडलं तर बहुतेक वेळा पात्यांवर तेल पसरून ती एकमेकांना चिकटतात. दुसरी जात फिल्मच्या अगदी पुढ्यात बसणाऱ्या पडद्यांची. एसएलआरमध्ये हेच. पेंटॅक्स के-१००० (१९७६ ते १९९७ एवढी वर्षं हे मॉडेल चाललं) घ्या किंवा आमचा हा, आत रबर चढवलेल्या काळ्या कापडाचे दोन पडदे असतात आणि ते आडवे धावतात. निकॉन एफएम (१९७७) सारख्या काहींमध्ये धातूची पाती असतात आणि ती उभी धावतात.

बटण दाबलं की पहिला पडदा पळतो आणि फिल्म उघडी पडते. ठरलेल्या वेळाने दुसरा पडदा त्याच दिशेने पळतो आणि फिल्म झाकतो. एक सेकंदाचा स्पीड असेल तर दुसरा एक सेकंदाने निघतो. पण १/१००० ला गंमत असते. पहिला पडदा पलीकडे पोचायच्या कितीतरी आधीच दुसरा निघतो, म्हणजे पूर्ण फिल्म एका वेळी कधी उघडी नसतेच. दोन पडद्यांमधली एक बारीक फट फिल्मवरून सरकत जाते. दोन पडदे सारख्याच वेगाने धावले तर फट शेवटपर्यंत तेवढीच राहते. पहिला आळशी झाला तर दुसरा त्याला गाठायला लागतो, फट अरुंद होत जाते आणि शेवटाकडची बाजू अंधारते. फारच आळशी झाला तर फट वाटेतच मिटते आणि पुढची फिल्म कोरी राहते.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. उन्हातले फोटो हळूहळू काळवंडले होते ना? बोट मध्ये आलं तर त्याचा आकार दिसतो. असं गुळगुळीत काळवंडत नाही.

मग पद्धतशीर सुरुवात केली. फिल्म नाही, मागचं झाकण उघडं, तोंड खिडकीकडे. पडद्यांना बोट लावायचं नाही, हा पहिला नियम. आधी हळू स्पीड. एक सेकंदावर ठेवलं, बटण दाबलं. आतून बारीक 'झर्रर्र' आवाज येत शटर उघडं राहिलं आणि मिटलं. हा आवाज आतल्या दातेरी चाकांच्या गव्हर्नरचा. हळू स्पीड तो सांभाळतो. जुन्या कॅमेऱ्यात त्याचं तेल गोंदासारखं झालं की एक सेकंदाचे तीन होतात, किंवा शटर उघडं ते उघडंच राहतं. आमचा व्यवस्थित होता. १/३० पर्यंतचे स्पीड मोबाइलच्या स्लो मोशनवर मोजले. २४० फ्रेम प्रतिसेकंद म्हणजे एक फ्रेम सव्वाचार मिलिसेकंदांची, तेवढ्याला ती पुरते. सगळे जवळपास बरोबर.

मग १/१००० वर ठेवलं, खिडकीकडे बघत बटण दाबलं. एका बाजूला उजेडाची तिरीप दिसली, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पुन्हा दाबलं. तेच. दहा वेळा दाबलं. दहाही वेळा तेच.

आमच्या धंद्यात या क्षणाला फार किंमत आहे. बग रिप्रोड्यूस झाला की अर्धी लढाई जिंकली. हळू स्पीड ठीक, जलद स्पीड बिघडलेले. म्हणजे गव्हर्नर निर्दोष आणि संशय थेट पडद्यांच्या धावेवर.

पण 'दिसत नाही' हे काही मोजमाप नव्हे. पूर्वी लोक यासाठी जुना डब्बा टीव्ही वापरायचे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत पडद्यावर सेकंदाला १५,६२५ ओळी रंगवल्या जायच्या. उघड्या कॅमेऱ्यातून चालू टीव्हीकडे बघत १/१००० मारला की पंधरा-सोळा ओळींचा तिरका पट्टा दिसला पाहिजे. पट्टा एका टोकाला बारीक झाला की समजायचं. फुकटातलं आणि अचूक यंत्र! पण आमचा डब्बा टीव्ही कधीच भंगारात गेला होता. मग पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून दोन फोटोट्रान्झिस्टर आणि दोन रेझिस्टर आणले, एक बॅटरी जोडली. ज्या खिडकीतून उजेड फिल्मवर पडतो त्या चौकटीच्या दोन टोकांना एकेक सेन्सर बसवला, मध्ये ३२ मिलिमीटर अंतर. एकाची वायर साउंडकार्डच्या डाव्या चॅनेलला, दुसऱ्याची उजव्या. लेन्ससमोर उजेड. ऑडॅसिटी चालू करून रेकॉर्डिंग सुरू. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे १/१००० सेकंदात ४४. आवाज रेकॉर्ड करायचं यंत्र उजेड रेकॉर्ड करायला लागलं.

पहिल्या संध्याकाळचे आकडे बघून मी चक्रावलो. एकाच स्पीडला दर वेळी वेगळं उत्तर. दोन तास पडद्यांना शिव्या घातल्यावर लक्षात आलं, की उजेडासाठी वापरलेला घरातला एलईडी बल्बच सेकंदाला १०० वेळा फडफडतोय. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्याच्या दुप्पट. चूक आरोपीची नव्हती, तपास अधिकाऱ्याची होती. (हे पुढे लक्षात ठेवा.) दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतल्या उन्हात मोजलं आणि आकडे शहाण्यासारखे वागायला लागले.

डायलवर ५०० असताना दोन्ही टोकांना २ मिलिसेकंद उजेड पडायला हवा. सुरुवातीच्या टोकाला २.१ आले, शेवटच्या टोकाला ०.४. म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. १००० ला सुरुवातीला १.१ आणि शेवटी शून्य, पडदा आधीच मिटलेला. पहिल्या पडद्याला हे ३२ मिलिमीटर धावायला २० मिलिसेकंद लागत होते, दुसऱ्याला १८.३. दोघेही म्हातारे झालेले, पहिला जास्त. तेल वाळलं, धूळ बसली की हे होतं.

उन्हातल्या फोटोंचा खटला मिटला. आता फ्लॅश.

फ्लॅशचा उजेड क्षणभराचा. त्या क्षणी फिल्म पूर्ण उघडी असावी लागते. म्हणून कॅमेरा पहिला पडदा पलीकडे पोचला की लगेच फ्लॅश उडवतो. तोपर्यंत दुसरा निघालेला नसावा. आडव्या कापडी पडद्यांच्या कॅमेऱ्यांत हे सहसा १/६० किंवा त्याहून हळू स्पीडलाच जमतं, म्हणून डायलवर ६० जवळ खूण असते. चुकून १२५ ठेवलं तर फ्लॅश उडतो तेव्हा दुसरा पडदा सुरुवातीची बाजू झाकून बसलेला असतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. घरच्यांनी बाबांवर ठेवलेला आरोप हाच. कधी या बाजूला काळं, कधी त्या बाजूला, म्हणजे सगळाच गोंधळ, असं सगळे म्हणायचे.

आता बघा. शटर दमलं असेल तर उन्हात शेवटाकडची बाजू अंधारते आणि फ्लॅशमध्ये सुरुवातीची. दोन खुणा, दोन विरुद्ध बाजूंना. मी निगेटिव्ह कॅमेऱ्याच्या उघड्या पाठीवर, ती आत बसते तशी धरली. मंद बाजू लेन्सकडे, माणसं डोक्यावर उभी. फ्लॅशचे पट्टे सगळे पडदा निघतो त्या बाजूला. उन्हातला अंधार सगळा पडदा पोचतो त्या बाजूला. बहात्तर फोटोंत एकही अपवाद नाही. ज्याला घर इतकी वर्षं गोंधळ म्हणत होतं, तो इतका शिस्तबद्ध होता, की अंगावर काटा आला.

पण एवढ्यावर बाबा सुटत नाहीत. दमलेलं शटर आणि चुकलेला स्पीड, दोन्ही असू शकतं की! पट्टा तर दोन्ही कारणांनी त्याच बाजूला येतो. मग उरला एकच पुरावा, पट्ट्याची रुंदी. निगेटिव्हवर पट्टी ठेवून मोजली. छत्तीस मिलिमीटरच्या फ्रेममध्ये पट्टा पाच ते सहा मिलिमीटर.

त्यासाठी एक सोपा प्रयोग केला. फिल्मच्या जागी बटर पेपर चिकटवला. रात्री खोलीत मिट्ट काळोख. कॅमेऱ्यावर फ्लॅश, समोर पांढरी भिंत. मागे स्टँडवर मोबाइल, चार सेकंद उघडा राहील असा लावलेला. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की फ्लॅशच्या क्षणी जे चित्र बटर पेपरवर पडतं ते मोबाइलमध्ये येतं. रोल नको, डेव्हलपिंग नको. (बायको पाणी प्यायला उठली होती. काळोखात भिंतीला फ्लॅश मारणारा नवरा बघून काही न बोलता परत झोपायला गेली.)

१२५ ला निम्म्याहून जास्त फ्रेम काळी. ६० ला पट्टा, साडेपाच मिलिमीटर.

मी परत मोजला. साडेपाच.

हिशेब साधा आहे. फ्लॅश जमायचा तर पहिल्या पडद्याने १/६० सेकंदात, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोचलंच पाहिजे. आमच्याला २० लागतात. तो पोचायच्या आधीच दुसरा निघून पाच-सहा मिलिमीटर आलेला असतो. म्हणजे स्पीड अगदी बरोबर ठेवूनही हा कॅमेरा पट्टा पाडतोच.

तरीही माझ्यातला रिव्ह्यूअर गप्प बसेना. हे आजचं शटर. १९८६ मध्ये ते धडधाकट असेल आणि बाबांनी १२५ ठेवलं असेल तर? त्याचं अर्धं उत्तर उन्हातल्या फोटोंनीच दिलं होतं, तेव्हाही पडदे दमलेलेच होते. उरलेलं अर्धं मिळवायला शटर धडधाकट करून बघणं भाग होतं. मुंबईला फोर्टात एक जुने दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो. मी उत्साहाने लॅपटॉप उघडून आलेख दाखवायला लागलो. त्यांनी कॅमेरा कानाशी धरला, तीनदा वाजवला आणि म्हणाले, "पहिला पडदा जड चाललाय. साफ करावा लागेल." माझे तीन वीकांत, त्यांचे पंधरा सेकंद.

"स्प्रिंग थोडी ताणली तर?" मी आगाऊपणा केला.

"ताणली की धावेल हो. पण मळ आतच राहील आणि सहा महिन्यांनी स्प्रिंगही जाईल. आधी साफ करायचं, मग बघायचं ताण लागतो का. लोक उलटं करतात."

आमच्या ऑफिसात हे वाक्य फ्रेम करून लावायला हवं. सर्व्हर स्लो झाला की आधी रॅम वाढवणारे आम्ही लोक.

तीन आठवड्यांनी कॅमेरा परत आला. सेन्सर लावले. दोन्ही पडदे साडेतेरा मिलिसेकंदांच्या आसपास, दोघांत फरक नावालाच. बटर पेपर चिकटवला. ६० ला फ्रेम स्वच्छ. १२५ ला पट्टा, साधारण अकरा मिलिमीटर. म्हणजे हिशेब असा झाला. धडधाकट शटर आणि चुकलेला माणूस, अकरा मिलिमीटर. दमलेलं शटर आणि चुकलेला माणूस, निम्मी फ्रेम. दमलेलं शटर आणि बरोबर असलेला माणूस, साडेपाच. आत्याच्या लग्नात पाच ते सहा.

कोर्टात टिकेल की नाही माहीत नाही. त्या थंडीच्या रात्री ते शटर नक्की किती मिलिसेकंद घेत होतं ते आता कोण सांगणार? पण मी तरी निकाल लिहून टाकला. आरोपी निर्दोष.

दिवाळीला साताऱ्याला गेलो तेव्हा सगळं घेऊन गेलो. निगेटिव्ह, आलेख, बटर पेपरचे फोटो. सकाळच्या चहाला बाबांसमोर मांडामांड केली आणि अर्धा तास प्रेझेंटेशन दिलं. बाबांनी शांतपणे ऐकलं. चष्मा वर करून आलेख बघितला. मग म्हणाले,

"साठवरच होता रे. तेवढं मला कळत होतं."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"स्पीड बरोबर होता हे माहीत होतं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. मी तर डायलवर चिकटपट्टी लावली होती, हलू नये म्हणून. बिघाड काय होता, ते आज कळतंय."

"मग बाबा, तुम्ही बोलला का नाहीत? चाळीस वर्षं सगळे..."

बाबांनी कप खाली ठेवला. "काय बोलू? दादाने एवढ्या हौसेने कॅमेरा आणला होता. परदेशात एकटा राहून, चार पैसे वाचवून. तुझा कॅमेरा बिघडलेला आहे असं त्याला सांगायचं? लग्नघरात? ही तर नुसती रडत होती. दादाचा चेहराही पडला होता. त्याला वाटत होतंच, की आपण फसलो की काय. मग मी म्हटलं, माझंच चुकलं, मला फ्लॅश जमला नाही. सगळे मला बोलले. विषय मिटला."

मला काही सुचेना. मोठे काका २०११ मध्ये गेले. त्यानंतरही बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

"आणि खरं सांगू का," बाबा म्हणाले, "नंतर नंतर मलाही वाटायला लागलं, की चुकलं असेल आपलंच. इतके जण म्हणतात तर."

हे वाक्य मात्र लागलं. रोज ऑफिसात हेच चालतं. काहीतरी फुटतं, सगळे अस्वस्थ होतात आणि बग कुणाच्या तरी नावावर असाइन झाला की मीटिंग संपते. ज्याच्या नावावर पडतो तो समंजस असेल तर बोलत नाही. लॉग कुणी उघडत नाही. आमचा लॉग त्या ट्रंकेत पाकिटात पडून होता. बहात्तर फ्रेम, प्रत्येकीवर सही केल्यासारखी खूण. बघायला पाच मिनिटंही लागली नसती. मी तर या धंद्यातला माणूस. मीसुद्धा इतकी वर्षं नुसता विनोद केला.

भाऊबीजेला आत्या आली. तिला मी आलेख दाखवले नाहीत, फक्त दोन वाक्यांत सांगितलं. ती बराच वेळ बाबांकडे बघत होती. मग म्हणाली, "भाऊ, एवढी वर्षं मी तुला बोलत राहिले, एकदा तरी गप्प बस म्हणायचंस की मला!" बाबा म्हणाले, "तू कधी कुणाचं ऐकलंयस?" बस. आमच्याकडे असले प्रसंग एवढ्यावरच संपतात.

संध्याकाळी मी कॅमेऱ्यात रोल घातला, फ्लॅश चढवला आणि बाबांच्या हातात दिला. सगळे ओसरीवर जमले. बाबांनी डायल बघितला, लेन्स फिरवली. कुणीतरी सवयीने म्हणालं, "भाऊंच्या हातात..." आणि मध्येच थांबलं. आत्याला सगळे मधे बोलवत होते. ती मुद्दाम कडेला जाऊन उभी राहिली. म्हणाली, "इथेच बरी आहे. बघू दे, येते का मी."

कालच रोल धुऊन आला. फोकस जरा हललाय (ती चूक मात्र बाबांचीच, मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळतायत). पण कडेची आत्या पूर्ण आलीये, पदरापासून चपलेपर्यंत. हसतेय.

असो. आजी काही परत मिळणार नाही. निगेटिव्हवर जिथे उजेडच पडला नाही, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर काही शोधू शकत नाही. तिचा हात तेवढा आहे. मी तो भाग मोठा करून छापून आणलाय. हिरव्या बांगड्यांच्या आत्याच्या हाताशेजारी, पीठ लागलेली बोटं स्पष्ट दिसतात.

ता.क. तुमच्याही माळ्यावर असा कॅमेरा असेल तर: आधी फिल्म आत नाही ना ते बघा. मग झाकण उघडून सगळे स्पीड दहा-दहा वेळा वाजवा, बरेच दिवस झोपलेलं शटर थोडं जागं होतं. हळू स्पीड अडत असतील तर गव्हर्नर, जलद स्पीडला एक बाजू अंधारत असेल तर पडदे. प्रत्येक फोटोत त्याच जागी पांढरा ठिपका येत असेल तर पडद्याला भोक, अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून बघा. शिलाई मशीनचं तेल आत सोडू नका, प्लीज. आणि ठेवून देताना शटर ताणलेलं ठेवू नका. जुन्या प्रिंट्स आणि निगेटिव्ह मात्र फेकू नका. बऱ्याचदा साक्षीदार तेवढेच उरलेले असतात.